साइड लोअरवरून बिझनेस क्लासला: मिरज ते बॉस्टन, व्हाया दोहा

तिकीट आलं की आधी कागदावर छापून घ्या. मुलं म्हणतील, मोबाइलवर दिसतंय की. म्हणू देत. मी पोस्टात काउंटरला ३१ वर्षं काढली आहेत. कागद समोर असला की माणूस नेमकं विचारतो, आणि नेमकं विचारलं की समोरच्याला टोलवता येत नाही. पेन घ्या आणि प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यापुढे कोणता क्लास लिहिलाय त्याखाली रेघ मारा. "बिझनेसचं तिकीट काढलंय" असं मुलगा फोनवर सांगतो तेव्हा ते सगळ्या टप्प्यांचं असतंच असं नाही.

आमचं नव्हतं. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं कतार एअरवेजने मुंबईहून दोहा आणि तिथून बॉस्टनला गेलो. मुलाकडे साठलेले पॉइंट, म्हणजे पैशांऐवजी तिकिटासाठी वापरता येतात ते, दोघांना दोन्ही टप्प्यांना पुरेनात. त्याने विचारलं, "आई, कुठला टप्पा करू?" मुंबई ते दोहा साडेतीन तास. मिरजेहून पुण्याला जायला याहून जास्त वेळ लागतो, आणि ते आपण शेंगा खात बसून काढतोच. दोहा ते बॉस्टन १३ तास. त्यामुळे पैसे असोत की पॉइंट, बेताचे असतील तर सगळे लांबच्या टप्प्यावर घाला. साडेतीन तासांत जेवण येतं, ताट जातं, आणि सीट आडवी करायला शिकेपर्यंत उतरायची वेळ होते.

मुलाला तीन प्रश्न लेखी विचारायला लावा: या तिकिटात लाउंज (विमानतळावरची बसायची-खायची राखीव जागा) धरलंय का, सामान किती, आणि रद्द केलं तर परत काय मिळतं. एकाच बिझनेस क्लासमध्ये भाड्याचे प्रकार असतात. कतारच्या 'लाइट' भाड्यात सीट तीच, जेवण तेच, पण लाउंज धरलेलं नसतं. आधी इकॉनॉमी काढून मागून अपग्रेड केलेलं असेल, तर तेच प्रश्न पुन्हा विचारा. सामानाचंही तसंच. अमेरिकेच्या मार्गावर बिझनेसला ३२ किलोच्या दोन बॅगा चालतात, इकॉनॉमीला २३ च्या दोन. मिश्र तिकिटात वाद नको म्हणून मी चारही बॅगा २३ च्या आत भरल्या. यांना वाटत होतं की बॅगेमागे नऊ किलो फुकट घालवले. नातवासाठी आणखी एवढं काय नेणार होते ते त्यांनाच माहीत.

जेवणाचं बुकिंग आता करा, निदान निघायच्या २४ तास आधी. यात एक गोम आहे. यादीत 'हिंदू मील' दिसतं आणि आपली माणसं श्रद्धेने त्यावर बोट ठेवतात. ते शाकाहारी नसतं! त्यात गोमांस नसतं एवढाच त्याचा अर्थ. कोंबडी, मटण, मासे, अंडं काहीही येऊ शकतं. शाकाहारी माणसाने 'एशियन व्हेजिटेरियन' घ्यायचं, त्याची खूण एव्हीएमएल. कांदा-लसूण आणि कंदमुळं नको असतील तर जैन, म्हणजे व्हीजेएमएल. दूधही नको असलेल्यांचं व्हीजीएमएल. ही अक्षरं तिकिटाच्या कागदावर लिहून ठेवा. आमच्या भिशीतल्या एकीने हिंदू मील मागवलं होतं. समोर आलेल्या चिकनकडे बघत तिने फक्त पाव खाल्ला आणि ते मला सहा महिन्यांनी सांगितलं.

मुंबईत काय करायचं

आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने आदल्या दिवशी सकाळी पोहोचलो आणि दिवस नणंदेकडे दादरला काढला. गाडीत यांचं तिकीट आरएसी होतं, म्हणजे साइड लोअरवर एक अनोळखी गृहस्थ आणि हे, रात्रभर पाय कुठे ठेवायचे याची बोलणी करत. हे आत्ता सांगायचं कारण पुढे कळेल.

विमान पहाटे चारचं. काउंटरवर दोन्ही टप्प्यांचे बोर्डिंग पास मागून घ्या आणि बॅगेला लावलेल्या पट्टीवर शेवटच्या गावाची तीन अक्षरं आहेत का ते बघा. आमची बीओएस. ती असली म्हणजे दोह्यात बॅगांकडे बघायचं नाही. पट्टीचा अर्धा चिटोरा देतात तो पासपोर्टात. रजिस्टर पार्सलची पावती जपावी तसा जपा.

मुंबईत आम्ही लाउंजच्या फंदात पडलो नाही. कार्डावर लाउंज मिळतं हे खरं, पण ज्याच्या नावाचं कार्ड तो माणूस हजर लागतो. मुलाचं कार्ड तुमच्या पर्समध्ये असून उपयोग नाही. शिवाय अलीकडे बऱ्याच बँकांनी 'गेल्या तिमाहीत इतका खर्च केला असेल तरच' अशी अट घातली आहे. रात्री दोन वाजता रांगेत उभं राहून ही अट समजण्यापेक्षा घरून बँकेला फोन करावा. आणि रात्री दोनला जेवायचं तरी काय? नणंदेने दिलेले दोन धपाटे गेटपाशी बसून खाल्ले आणि विमानात बसल्या बसल्या डोळे मिटले.

दोहा

दोह्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. चारला निघून साडेतीन तास उडायचं आणि उतरायचं पाच वाजता, तेही पहाटेच. इथेच डोक्याचा गोंधळ सुरू होतो. विमानातून उतरलात की 'ट्रान्स्फर' लिहिलेल्या पाट्यांमागे जा, 'अरायव्हल'मागे नको. तो रस्ता देशात शिरणाऱ्यांचा. पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी होते, त्यामुळे पाण्याची बाटली आधीच संपवा. बिझनेसचा पास असला तर वेगळी रांग असते का ते विचारा. मी पास पुढे केला, त्या माणसाने हात दाखवला, आणि ५० माणसांच्या बाजूने आम्ही पुढे गेलो. मला फार अवघडल्यासारखं झालं. यांना अजिबात नाही.

गुडघ्यांमुळे व्हीलचेअर सांगितली असेल, तर एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा. ही सेवा फुकट असते, पण ढकलणारा मुलगा सगळ्यांना नेतो त्याच थांब्यावर तुम्हालाही नेऊन बसवेल, कारण तुम्ही कोणत्या क्लासचे हे तो बघत बसत नाही. पुढच्या विमानाचा पास त्याच्यासमोर धरा, 'लाउंज' म्हणा, आणि परत न्यायला किती वाजता येणार ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. दोह्यात हे काम करणाऱ्यांत नेपाळी, केरळी, बांगलादेशी मुलं पुष्कळ. मोडक्या हिंदीत छान बोलतात.

विमानतळाच्या मधोमध एक पिवळंजर्द अस्वल बसलंय, सात मीटर उंच, डोक्यातून दिवा निघालेला. उर्स फिशर नावाच्या स्विस कलाकाराचं काम. दिसतं कापडाचं, पण आहे ब्रॉंझचं. चुकामूक झाली तर भेटायची जागा म्हणून ते ठरवून टाका. आमचं लाउंज, अल मुर्जान, तिथूनच सरकत्या जिन्याने वर. याच कंपनीचं बाग दिसणारं दुसरंही लाउंज त्याच विमानतळावर आहे. कुठलं तुमच्या गेटला जवळ ते विचारून मगच शिरा, कारण हा विमानतळ एवढा लांब आहे की आतल्या आत माणसांना न्यायला छोटी रेल्वे आहे.

दारातल्या मुलीला पास दाखवला. आता इथे आपण काय करतो? मान खाली घालून पटकन आत सटकतो, कुणी अडवू नये म्हणून. मीही तेच करणार होते. मग वाटलं, एकतीस वर्षं लोक माझ्या खिडकीशी असेच बावरून यायचे आणि अर्धवट विचारून जायचे. मला त्यांचा राग नाही, कीव यायची. तेव्हा मी उभी राहिले आणि तीन गोष्टी विचारल्या: आंघोळीची खोली कुठे, झोपायची शांत खोली कुठे, आणि माझ्या विमानाची घोषणा इथे होते का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं. बऱ्याच लाउंजमध्ये असंच असतं. शांतता राखायची म्हणून कुणी नावं पुकारत नाही. पडद्यावर बघायचं आणि आपलं आपण उठायचं.

आतली जागा साधारण दहा हजार चौरस मीटर. म्हणजे एक हेक्टर, अडीच एकर. आमच्याकडे एवढ्या उसावर एखाद्याचं घर चालतं. मधोमध पाण्याचा मोठा उथळ हौद, त्यावरून वळसे घेत वर जाणारा जिना, वर जेवायची जागा. यांनी सगळी फेरी मारली. तुम्ही मारू नका, निदान आधी नको.

आधी आंघोळ करा. आल्या आल्या नाव द्या, कारण सकाळी त्या खोल्यांना गर्दी असते. नाव दिलं की मधल्या वेळात चहा होतो. टॉवेल, साबण, केस वाळवायचं यंत्र सगळं आत असतं, दार आतून लागतं. तुम्ही न्यायचं ते एवढंच: एक जोडी कपडे आणि रबरी चप्पल, हातातल्या पिशवीत सगळ्यात वर. महालक्ष्मीत एक रात्र आणि विमानात एक रात्र काढलेल्या अंगावर गरम पाणी पडलं तेव्हा, खरं सांगते, मुलाचे पॉइंट तिथेच वसूल झाले. पुढचं सगळं वरकड.

खाण्याचं मात्र सांभाळा. फुकट आहे म्हणून सकाळी सहाला सात प्रकार घेतलेत तर १३ तास पोट बोलत राहील. मी लबनेह नावाचं घट्ट दही घेतलं, आपल्या चक्क्याच्या जवळचं पण खारट, सोबत भाकरीसारखी रोटी आणि ऑलिव्ह. वर करक चहा. करक म्हणजे आपलाच कडक! भारतातून, पाकिस्तानातून गेलेल्या माणसांबरोबर हा वेलदोड्याचा दुधाळ चहा आखातात पोहोचला आणि 'ड'चा 'र' झाला. वाढणाऱ्याला टिप द्यायची का, असं यांनी तीनदा विचारलं. नाही, गरज नाही. बशी उचलून नेऊन द्यायचीही गरज नाही. यांनी दोनदा नेली.

आता माझी चूक, जी तुम्ही करू नये. शांत खोलीत आडवं व्हायच्या आधी मी फोनवर सव्वासातचा गजर लावला. विमान साडेआठचं होतं. सव्वासातला उठलं की पुष्कळ, असा हिशेब. पण फोन विमानात फ्लाइट मोडवर टाकलेला तसाच होता, वायफाय लावलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या लेखी मी अजून भारतात होते. दोह्यात सकाळचे सहा, फोनमध्ये साडेआठ. म्हणजे सव्वासात वाजून गेलेले. फोनने इमानदारीत दुसऱ्या दिवशीचा गजर लावला, '२२ तास ४५ मिनिटांनी' असं लिहूनही दाखवलं, आणि मी चष्मा काढून ठेवला होता. सात पस्तीसला यांनी येऊन हलवलं म्हणून. "अगं, पडद्यावर गेट आलंय आपलं." त्या एका वाक्यासाठी त्यांच्या दोन्ही बश्या माफ. त्यामुळे परक्या गावात गजर लावूच नका, टायमर लावा. 'आत्तापासून एक तास' हे कुठल्याही देशात एकच असतं.

गेटवर वेळ हातात ठेवून जा. अमेरिकेच्या विमानांना तिथे पुन्हा कागद आणि सामान बघू शकतात. पासवर चार वेळा 'एस' छापलेला दिसला तर घाबरू नका, पण २० मिनिटं आणखी धरा. तो जादा तपासणीसाठी निवड झाल्याचा शिक्का आहे.

विमानात

आमच्या विमानात प्रत्येक सीटला कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या भिंती आणि सरकतं दार होतं. कतारने २०१७ साली हा प्रकार आणला, त्याला ते क्यूस्वीट म्हणतात. काही सीटांची तोंडं मागच्या दिशेला असतात. यांना तशी आली आणि त्यांचा चेहरा पडला, कारण एसटीत उलटं बसलं की त्यांना मळमळतं. सांगते, विमान वर जाताना पाच मिनिटं विचित्र वाटतं, नंतर दिशाच कळत नाही. तरीही तुम्हाला नको असेल तर सीट निवडतानाच मुलाला सांगा, विमानात बदलून मिळेलच असं नाही. नवरा-बायको असाल तर मधली जोडीची सीट मागा, मधला पडदा खाली जातो. आणि विमान ऐनवेळी बदललं तर सीटांची रचनाही बदलते, तेव्हा दार नाही मिळालं म्हणून भांडत बसू नका.

बसलात की एक मुलगी नाव घेऊन नमस्कार करेल आणि काय पिणार विचारेल. शॅम्पेनच घ्यावी लागते असं नाही. लिंबू-पुदिन्याचं सरबत सुंदर असतं. गरम ओला टॉवेल येतो, तो तोंड-हात पुसायला. सीटच्या बाजूला बटणं असतात. उडेपर्यंत काही दाबू नका, कारण सगळी सीट सरळ करून घ्यावी लागते. पुढे काय कुठे आहे ते त्या मुलीला दाखवायला सांगा. दिवा, बटणं, चष्मा ठेवायचा कप्पा. दोन मिनिटांचं काम, ती आनंदाने करते.

आता डोकं चालवायचं ते इथे. विमान साडेआठला सुटलं तेव्हा बॉस्टनमध्ये रात्रीचा दीड वाजला होता. म्हणजे तिथली सगळी माणसं झोपली होती, आणि आपल्यालाही झोपच हवी होती. तरी सगळ्या केबिनमध्ये जेवणाच्या पांढऱ्या चादरी पसरायला लागल्या, कारण ताट सोडवत नाही. बिझनेसमध्ये जेवण आपल्याला हवं तेव्हा मागता येतं. हीच त्याची खरी श्रीमंती, आणि तीच लोक वापरत नाहीत. मी म्हटलं, "सिक्स अवर्स स्लीप, देन फूड." तिने मान हलवली आणि बिछाना घालून दिला: सीट पूर्ण सपाट, वर पातळ गादी, उशी, दुलई. रात्रीचे कपडेही देतात. ते बदलायचे तर टॉयलेटला जेवणाआधी जा, नंतर रांग लागते. कपडे आणि क्रीम-मोज्यांचा छोटा बटवा आपला, घरी न्यायचा. दुलई त्यांची.

पट्टा दुलईच्या वरून बांधा. विमान हललं की पट्टे तपासायला येतात, आणि तो दुलईखाली असला तर तुम्हाला उठवावं लागतं. हे मला मुलाने सांगितलं होतं, आणि बाकी काही विसरलात तरी एवढं विसरू नका.

मी पाच तास झोपले, सलग, कुशीवर. हे जागेच होते. त्यांचं म्हणणं, परवा रात्री गाडीत ज्या गृहस्थांबरोबर अर्धी सीट वाटून घेतली त्यांची आठवण येत होती. एवढ्या जागेत पाय कुठे ठेवायचे तेच कळेना.

उठल्यावर जेवण चवीला थोडं अळणी लागेल. स्वयंपाक्याची चूक नाही. आमचं विमान ए-३५० प्रकारचं होतं, त्यात आतली हवा साधारण सहा हजार फुटांवरच्या हवेसारखी ठेवतात. कळसूबाईचं शिखर ५४०० फूट, म्हणजे तुम्ही त्याच्याही वर बसून जेवताय. कोरड्या हवेने नाक बंद आणि जीभ मंद होते. पर्समध्ये शेंगदाण्याच्या चटणीची छोटी पुडी असू द्या, काढायला लाजू नका. मी काढली तर शेजारच्या रांगेतून एक तमिळ गृहस्थ वास घेत वळून बघायला लागले. त्यांनाही चमचाभर दिली. पाणी मागत राहा. आणि सपाट झोपलात म्हणून पाय सुजत नाहीत असं नाही, दर दोन-तीन तासांनी उठून केबिनच्या टोकापर्यंत चालून या.

उतरायच्या आधी हेडफोन परत घेतात. सगळे कप्पे हात घालून तपासा. यांचा चष्मा बाजूच्या कप्प्यात, झाकणाखाली सापडला. नंतर यांच्या कोटाच्या खिशात हात घातला तर लाउंजमधलं सफरचंद आणि एक केळं. "वाटेत लागलं तर," म्हणाले. अमेरिकेत उतरताना ताजं फळ जवळ ठेवायचं नाही, लाउंजमधलं नाही की विमानात दिलेलं नाही. सांगितलं नाही आणि सापडलं तर शेकड्यांनी डॉलर दंड होतो. केळं त्यांनी तिथेच खाल्लं, सफरचंद त्या मुलीच्या ट्रेमध्ये गेलं. ताजा कढीपत्ता तर मिरजेतच ठेवा, कितीही बहर आलेला असो.

बाकी खाण्याच्या वस्तूंची मी घरून इंग्रजीत यादी करून नेली होती: आंब्याचं लोणचं, मेतकूट, तिळाची चटणी, भाजणी, भडंग, प्रत्येकापुढे वजन. बॉस्टनच्या अधिकाऱ्याने "फूड?" विचारलं तेव्हा तो कागद खिडकीतून आत सरकवला. त्याने वरपासून खालपर्यंत वाचला, भडंगपाशी थांबला. "पफ्ड राइस," मी म्हटलं. त्याने कागदाची घडी जशी होती तशी घातली आणि पासपोर्टांबरोबर परत दिला.